भाताचं पथ्य: गुण नेमका कशाने आला?

रुग्णालयात दाखल असताना वीगन राहता येतं का, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. वीगन म्हणजे मांस-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. आपल्याकडे 'व्हेज' म्हणून येणाऱ्या ताटात बहुतेक वेळा दही, पनीर किंवा वरून तूप सोडलेली खिचडी असते. त्यामुळे प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पण आज त्याचा व्यावहारिक भाग बाजूला ठेवू आणि इतिहासात जाऊ. कारण एके काळी एका मोठ्या रुग्णालयात शेकडो रुग्णांना, निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी, पूर्णपणे वीगन जेवण दिलं गेलं, आणि तेही औषध म्हणून. संशोधनाची तयारी करणाऱ्या कुणीही हा किस्सा एकदा नीट समजून घ्यावा असं मला वाटतं.

आधी काळ लक्षात घ्या. १९४० च्या आसपास उच्च रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ साली रुग्णांचे डोळ्यांच्या पडद्यावरील बदलांनुसार चार गट पाडले. चौथ्या, सर्वांत गंभीर गटातल्या दर पाचपैकी साधारण चार जण वर्षभरात दगावत होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. देशाच्या अध्यक्षांसाठीही डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं, तर सामान्य रुग्णाची काय कथा?

अशा वेळी नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे जर्मन डॉक्टर काम करत होते. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ते १९३४ साली तिथे आले होते. त्याआधी बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशींच्या चयापचयावर काम केलं होतं. मूत्रपिंडावरचं काम कमी करायचं असेल तर प्रथिनं कमी करावीत, असा त्यांचा साधारण विचार होता. त्यातून १९३९ च्या सुमारास 'राइस डाएट' जन्माला आलं.

ताटात काय असायचं? भात, फळं, फळांचा रस आणि साखर. दिवसाला साधारण २००० कॅलरी, प्रथिनं सुमारे २० ग्रॅम, चरबी जेमतेम ५ ग्रॅम. मीठ अजिबात नाही. एकूण सोडियम दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आसपास. तुलनेसाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. त्या मर्यादेच्याही हे दहाव्या भागापेक्षा कमी झालं! जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या असत. प्रकृती सुधारली की हळूहळू भाज्या आणि पुढे थोडं मांस किंवा मासे यांची परवानगी मिळे. म्हणजे केम्पनरांना प्राण्यांविषयी काही भूमिका मांडायची नव्हती. गंमत म्हणजे 'वीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला आणि केम्पनरांनी आपले निष्कर्ष छापले तेही त्याच वर्षी. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

केम्पनरांबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४२ मध्ये एका तरुण रुग्ण बाईंना त्यांनी दोन आठवडे पथ्य करून परत यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन उच्चारांमुळे बाईंनी ते 'दोन महिने' असं ऐकलं. त्या दोन महिन्यांनी आल्या तेव्हा रक्तदाब उतरला होता आणि डोळ्यांच्या पडद्यावरचा रक्तस्रावही दिसेनासा झाला होता. तेव्हापासून केम्पनर दीर्घकाळ पथ्य देऊ लागले, असं म्हणतात.

१९४८ मध्ये त्यांनी ५०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या निकषांनुसार ३२२ जणांना गुण आला होता. पुराव्यादाखल डोळ्यांच्या पडद्याची आणि हृदयाच्या क्ष-किरणांची आधीची-नंतरची छायाचित्रं होती. रुग्ण चोरून काही खातोय का, हे लघवीतल्या क्लोराइडवरून तपासलं जाई. मीठ खाल्लं की क्लोराइड वाढणारच. रुग्णाच्या शब्दावर न विसंबता पथ्यपालन मोजण्याची ही पद्धत त्या काळात चांगलीच काटेकोर होती, बरं का.

आता तुम्ही विचाराल, तुलनेसाठीचा दुसरा गट कुठे होता? नव्हता. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी केली होती. एखाद्या पीएच.डी.च्या मुलाखतीत हे सांगितलं तर समिती लगेच अडवेल. पण घाई करू नका. वर दिलेला १९३९ चा आकडा आठवा. जो आजार सोडून दिला तर बहुतेकांना वर्षात संपवतो, त्यात पडद्यावरचा रक्तस्राव निवळणं ही सहज होणारी गोष्ट नाही. म्हणजे आजाराचा नैसर्गिक प्रवास नीट माहीत असेल तर तोही एक प्रकारची तुलनाच असते. पथ्याने 'काहीतरी' होत होतं हे मानायला पुरेसा आधार होता.

अडचण पुढची आहे. ते 'काहीतरी' म्हणजे काय?

या पथ्यात एका वेळी किती गोष्टी बदलल्या ते मोजा. प्राणिज पदार्थ गेले. प्रथिनं कमी झाली, चरबी जवळपास गेली, सोडियम नाहीसं झालं. पोटॅशियम देणारी फळं वाढली. वजन उतरलं. शिवाय रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आला, रोजच्या दगदगीतून सुटला. यातलं कुठलं कारण खरं? केम्पनर प्रथिनांच्या विचारातून निघाले होते. कुणी म्हणेल वनस्पतिज आहाराने केलं, कुणी म्हणेल वजनाने केलं. पाचशे रुग्णांची आकडेवारी यातल्या कोणालाच खोटं पाडू शकत नाही, कारण सगळ्यांना सगळंच एकत्र मिळालं होतं.

हा गुंता सोडवायला १९५० मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका गटाने लेखांची मालिका सुरू केली. पहिल्या लेखाचा विषय ऐका: ८६ रुग्णांना नेहमीच्या रुग्णालयीन जेवणावरच दीर्घकाळ दाखल ठेवलं, तर रक्तदाबाचं काय होतं? पथ्याला हातसुद्धा न लावता! नुसतं दाखल होणं, विश्रांती मिळणं, रोज रक्तदाब मोजून घ्यायची सवय होणं, याचाही परिणाम असू शकतो ना? तो आधी कळल्याशिवाय पथ्याला श्रेय कसं देणार? दुसऱ्या लेखात ५० दाखल रुग्णांना केम्पनरांचं पथ्य जसंच्या तसं दिलं. १९५४ च्या तिसऱ्या लेखात पथ्य तसंच ठेवून एकेक घटक परत घातला: मीठ, प्रथिनं, चरबी. मीठ परत आलं की रक्तदाब पुन्हा चढायचा. प्रथिनं किंवा चरबी वाढवून तसं होत नव्हतं.

म्हणजे पथ्याचा मोठा वाटा सोडियमचा निघाला. पुढे १९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड हे औषध बाजारात आलं. ते मूत्रपिंडावाटे सोडियम बाहेर टाकतं. बेचव भात महिनोन् महिने खाऊन जे साधत होतं, त्यातलं बरंचसं गोळीने साधू लागलं. भाताचं पथ्य मागे पडत गेलं. पण केम्पनरांचं काम वाया गेलं असं म्हणू नका. आहाराने गंभीर रक्तदाब उतरू शकतो, हे त्यांनी दाखवलं नसतं तर 'कशाने उतरतो' हा प्रश्न इतक्या नेटाने कुणी विचारला नसता.

अजून एक मुद्दा. जीवनसत्त्व बी-१२ शुद्ध रूपात हाती लागलं ते १९४८ मध्ये. म्हणजे केम्पनरांनी सुरुवातीला दिलेल्या गोळ्यांत ते घालणं शक्यच नव्हतं, आणि भात-फळांत ते नसतंच. मग रुग्णांना त्याची कमतरता का जाणवली नसेल? कारण चांगलं खाणाऱ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो. काही महिन्यांच्या निरीक्षणात हा तोटा दिसणारच नाही. तुमचा अभ्यास किती काळ चालतो, त्यावर कुठले दुष्परिणाम दिसणार आणि कुठले लपणार हे ठरतं. आज वर्षानुवर्षं वीगन असलेली व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली तर बी-१२ कधी आणि किती घेतलं हे डॉक्टरांना सांगणं म्हणूनच महत्त्वाचं. विशेषतः शस्त्रक्रिया असेल तर, कारण भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतो.

आता वर्तमानात या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१७ मध्ये रुग्णालयांनी वनस्पतिज जेवण उपलब्ध करावं असा ठराव केला. २०२२ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांनी दुपारचं मुख्य जेवण वनस्पतिजच ठेवलं. नको असेल त्याने दुसरं मागायचं. इथे उद्देश केम्पनरांसारखा उपचाराचा नाही, निवड सोपी करण्याचा आहे. पण उद्या कुणी म्हणालं की या जेवणाने रुग्ण लवकर बरे झाले, तर तुम्ही काय विचाराल? त्या ताटातलं मीठ किती कमी झालं? ताट न बदलता किती जण तितक्याच दिवसांत घरी गेले असते? आणि ज्यांनी मांसाहारी जेवण मागून घेतलं, ते आधीपासूनच वेगळे रुग्ण होते का?

एक छोटं काम देतो. तुमच्या संशोधन प्रस्तावात तुम्ही जो बदल करणार आहात, तो एका कागदावर लिहा. त्याखाली, त्याच्यासोबत नकळत बदलणाऱ्या गोष्टींची यादी करा. यादी चार ओळींत संपली तर ती एखाद्या मित्राला दाखवा, आणखी दोन-तीन निघतीलच. मग ठरवा की यातलं परत घालून काय काय तपासता येईल. मार्गदर्शकांना भेटायला जाल तेव्हा हा कागद सोबत न्या.