'डॉन' : एका बिरुदाची कहाणी

'डॉन' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातील गुन्हेगारांचा म्होरक्या उभा राहतो. या शब्दाचे मूळ कुळ मात्र थोर आहे. लॅटिन 'दोमिनुस' म्हणजे धनी, प्रभू. त्यापासून स्पॅनिश 'दोन' आणि पोर्तुगीज 'दों' ही बिरुदे आली. आपल्या पूर्वजांना 'दों' अपरिचित नव्हता. १५३४ ते १७३९ या काळात वसईच्या कोटात वावरलेल्या कित्येक पोर्तुगीज उमरावांच्या नावाआधी तो लागत असे.

हेच बिरुद अमेरिकेतील एका येशूसंघीय विद्यापीठाच्या खेळाडूंनी धारण केले आहे. फादर अँथनी मरास्की या इटालियन धर्मगुरूंनी १८५५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संत इग्नेशियस अकादमी स्थापन केली. तिचेच पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ झाले. त्या देशात प्रत्येक विद्यालयाच्या संघाला एक टोपणनाव आणि एक मानचिन्ह असते. येथील खेळाडूंना पूर्वी शहराच्या हवेवरून 'करडे धुके' म्हणत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते 'डॉन्स' झाले.

कॅलिफोर्नियातील 'डॉन' म्हणजे विस्तीर्ण कुरणांचा स्पॅनिशभाषक जमीनदार. आम्हांला या प्रतिमेचे सरसकट कौतुक वाटत नाही. १८३० च्या दशकात मेक्सिकोच्या सरकारने मिशनांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यांपैकी बहुतेक जमीनदारांच्या हाती गेल्या आणि मिशनांत राबलेल्या मूळनिवासींच्या वाट्याला फारच थोडे आले. पुढे १८४८ साली प्रांत अमेरिकेकडे गेला आणि १८५१ च्या कायद्याने मालकी सिद्ध करण्याचा भार जमीनदारांवरच पडला. कोर्टकज्ज्यांत अनेक डॉन कफल्लक झाले. उरला तो केवळ रुबाब.

या रुबाबाला अर्थ आला तो १९५१ साली. जो कुहारिच यांच्या मार्गदर्शनाखाली डॉन्सच्या अमेरिकन फुटबॉल संघाने त्या हंगामातील नऊच्या नऊ सामने जिंकले. आता हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याचे निमंत्रण यावे, ही अपेक्षा रास्तच होती. त्यातून मिळणाऱ्या पैशाची विद्यापीठाला निकडही होती. परंतु ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवले तरच दक्षिणेतील ऑरेंज बाऊलचे दार उघडेल, असे सुचविण्यात आल्याचे खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. संघाने नकार दिला. या नकारासाठी फार चर्चा करावी लागली नाही, असेही ते सांगत. निमंत्रण आले नाही, आणि त्या हंगामानंतर पैशाअभावी विद्यापीठाने हा खेळच बंद केला. कुळाने मिळालेला मान राखणे सोपे. सोबत्यासाठी हातचा मान सोडणे किती जणांना जमते?

बास्केटबॉल संघाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे त्याचे आधारस्तंभ. या संघालाही वर्णभेदाचा अनुभव आला. १९५४ च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटीतील हॉटेलने कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारला, तेव्हा सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात साराच संघ एकत्र उतरला.

बर्ल टोलर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने १९५२ सालीच संपली. ते शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये पंच म्हणून उभे राहणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. २००९ साली त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन या सिनेटरांचे नाव होते. कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहावा, अशी घोषणा देऊन १९२० साली निवडणूक लढविलेले हे गृहस्थ. विद्यार्थ्यांनी त्या नावाला हरकत घेतली. २०१७ साली ते उतरविण्यात आले आणि त्या जागी 'टोलर' हे नाव लागले.