प्रथिनवेष्टित राजधातुकण

प्रथिनवेष्टित राजधातुकण : सोने, चांदी, प्लॅटिनम, पॅलॅडियम अशा रासायनिक क्रियांना सहसा दाद न देणाऱ्या धातूंचे, अल्ब्युमिन, जिलेटिन किंवा प्रतिपिंडे यांसारख्या प्रथिनांचा थर चढवलेले सुमारे १ ते १०० नॅनोमीटर व्यासाचे कण. पाण्यात ते कलिल रूपात विखुरलेले राहतात. हे विखुरण केवळ समान विद्युत् भारांच्या अपसारणामुळे टिकते, असे सर्रास लिहिले जाते. सिट्रेटने तयार केलेल्या उघड्या सुवर्णकणांपुरते ते बरोबर आहे. प्रथिनाने झाकलेल्या कणांच्या बाबतीत मात्र भार दुय्यम ठरतो. खरे काम थराची जाडी आणि त्याने धरून ठेवलेले पाणी करते.

याचा पुरावा मिठाच्या प्रयोगात मिळतो. सुमारे १५ नॅनोमीटरचे सुवर्णकण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचा द्राव माणकासारखा लाल दिसतो. त्यात मीठ टाकताच तो निळा पडतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्येच नोंदवले होते. मिठाचे आयन भाराचा प्रभाव झाकून टाकतात : ०.००१ मोलर द्रावणात तो सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, तर रक्ताइतक्या खारट द्रावणात जेमतेम ०.८ नॅनोमीटर. एवढ्या अंतरावर धातूंमधील आकर्षण वरचढ होते आणि कण चिकटतात. प्रथिनाचा थर मात्र काही नॅनोमीटर जाड असतो. भार निष्प्रभ झाला तरी धातू धातूला भिडत नाही. रिचर्ड झिग्मोंडी यांनी या संरक्षणाला ‘सुवर्णांक’ हे माप दिले. १० मिलि. सुवर्णद्रावात १० टक्के मिठाचे १ मिलि. द्रावण घातल्यावर रंग बदलू नये म्हणून लागणारे संरक्षक पदार्थाचे किमान मिलिग्रॅम म्हणजे सुवर्णांक. जिलेटिनचा तो ०.००५ ते ०.०१, तर बटाट्याच्या स्टार्चचा सुमारे २५ आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, समविद्युत् बिंदूजवळ, म्हणजे प्रथिनावरील एकूण भार शून्य होतो त्या पीएचजवळ (गोवंशीय रक्तद्रवातील अल्ब्युमिनसाठी सुमारे ४.७), हे कणही एकत्र येऊ शकतात, म्हणजे शेवटी भारच निर्णायक. भाराचा हातभार आहेच. पण पीएच वाढवल्यावर असे पुंजके पुष्कळदा पुन्हा सुटतात, उघड्या सोन्याचे सहसा सुटत नाहीत. यावरून पुंजक्यातही धातूचे पृष्ठभाग एकमेकांना भिडलेले नसतात, असेच दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अगदी थोडे जिलेटिन घातले तर द्राव टिकण्याऐवजी लवकर साकळतो. कारण अपुऱ्या प्रथिनाचा एकच रेणू दोन कणांना धरून त्यांच्यात पूल बांधतो. त्यामुळे नियम मोडत नाही, त्याला अट जडते : पृष्ठभाग पूर्ण झाकला गेला पाहिजे. शिवाय थर कायमचा नसतो. प्रथिने पचवणारी विकरे तो कुरतडतात आणि रक्तात गेल्यावर इतर प्रथिने त्यावर चढतात किंवा त्याची जागा घेतात.

वाळलेला उघडा सुवर्णद्राव पाण्यात पुन्हा विरत नाही, प्रथिनवेष्टित द्राव विरू शकतो. गर्भधारणेच्या चाचणीपट्टीत प्रतिपिंडे बसवलेले सुवर्णकण बहुधा कोरड्या गादीत असतात. नमुन्याचे थेंब पडताच ते सुटून द्रवाबरोबर पुढे सरकतात आणि रेषेवर अडकून लाल दिसतात. वाळवताना घातलेल्या साखरेचेही त्यात श्रेय आहे. चांदीची प्रथिनयुक्त औषधे, उदाहरणार्थ १९०२ च्या सुमारास आलेले आर्जिरॉल, नवजातांच्या डोळ्यांत घालण्यासाठी वापरात होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले (२००३); तेथेही बुरशीने बाहेर टाकलेली प्रथिनेच कणांना स्थिर ठेवतात, असे दिसले. नवी प्रतिपिंडे बसवताना ती किती घालावीत हे ठरवण्यासाठी आजही मिठाची तीच चाचणी करतात आणि द्राव लाल राहील त्यापेक्षा थोडे अधिक प्रथिन घेतात. तयार द्राव ४° से. ला ठेवतात, गोठवत नाहीत. बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात.