राबापासून गोळीपर्यंत

उन्हाळ्यात मुळशीच्या डोंगरउतारांवर धुराचे पट्टे दिसू लागले की भाताचा हंगाम सुरू झाला असे समजावे. खाचरात अजून पाण्याचा टिपूस नसतो, पण रोपांच्या वाफ्याची तयारी चाललेली असते. आधी शेण पसरायचे, त्यावर ऐनाच्या झाडाची कवळे (छाटलेल्या फांद्या), मग पालापाचोळा नि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. आग लावायची तीही अशा टोकाकडून, की ती वाऱ्याच्या उलट सरकत सावकाश धुमसली पाहिजे. याला राब भाजणे म्हणतात. पावसात याच जागेवर रोपे वाढतात, आणि मग आवणी होते.

या कवळांपायी मोठा झगडा झाला. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातली झाडे छाटण्यावर निर्बंध आले. सह्याद्रीतला भातकरी अडचणीत सापडला, आणि ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. सरकारच्या लेखी राब म्हणजे लाकडाची नासाडी होती. शेतकऱ्याला मात्र राबाविना रोप कसे पोसायचे, हे कळत नव्हते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर हा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला. पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा त्यांचा शोधनिबंध 1912 मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा गुण नुसत्या राखेत शोधून भागत नाही. माती तापल्याने तिच्यात काय बदलते, हेही पाहावे लागते. तापलेल्या मातीतली अन्नद्रव्ये अधिक विरघळतात, आणि रोपाला तेच हवे असते. मुळाला खाता येत नाही, फक्त पिता येते. पाण्यात उतरलेले तेवढेच त्याच्या वाट्याला येते.

राखेतला सिलिकाही असाच पाण्यातून चढतो. मुळे तो कोणत्या वाटेने आत घेतात, हे जपानमधल्या जिआन फेंग मा यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवले. विरघळलेला सिलिका मुळांच्या पेशींमधल्या एका खास प्रथिनाच्या वाटेने आत शिरतो आणि जलवाहिन्यांतून वर जातो. पानांतून पाणी उडून जाते, सिलिका तिथेच साठतो. भाताचे पाते उलटे ओढले की बोटाला करवतीसारखे लागते, ते यामुळेच. मुळशीचा आंबेमोहर उंच वाढतो आणि सहज लोळतो. अशा वाणाला सिलिकाने ताठ झालेल्या खोडाचा आधार लाखमोलाचा.

अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या डॉ. नारायण सावंत यांनी हा धागा महाराष्ट्रात पुढे नेला. त्यांच्या चारसूत्री भातशेतीत जंगल तोडावे लागत नाही. वाफ्यात भाताच्याच तुसाची राख, खाचरात पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी, आणि शेवटी युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी. चार चुडांच्या मधोमध ही गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. तिथल्या चिखलात प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते. वर फेकलेल्या युरियासारखे ते पाण्याबरोबर वाहून जात नाही की हवेत उडत नाही.

हिशेब मात्र कष्टाचा आहे. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे एकराला 25,000, आणि भर पावसात वाकून प्रत्येक गोळी हाताने चिखलात दाबायची. मजूर मिळण्याची मारामार असलेल्या गावांत ही पद्धत इथेच अडते. डोंगरउतारांवर राब अजूनही भाजले जातात.