अंकोरचे मातीचे शहर आणि रडार

अंकोर म्हटले की डोळ्यांपुढे मंदिरांची शिखरे उभी राहतात. ते साहजिकच आहे. ख्मेर राज्यात दगड लागे तो मुख्यतः देवालयांना. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत बाकीचे सारे लाकूड, बांबू आणि गवताचे. १२९६ साली चिनी शिष्टमंडळासोबत आलेला झोउ डागुआन सांगतो की, सामान्यांना घरावर कौले घालण्याची मुभाच नव्हती. ती घरे केव्हाच कुजून मातीला मिळाली. मग ही मंदिरे बांधणारी माणसे राहत कुठे होती?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग रडारमुळे हाती आला. ३० सप्टेंबर १९९४ रोजी 'एंडेव्हर' या अंतराळयानाने अंकोरचे रडारचित्र घेतले. २००० साली नासाच्या विमानावरील 'एअरसार'ने अधिक बारकाईने पाहणी केली.

इथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. रडारलहरीच्या कंपनाला दिशा असते, आडवी वा उभी. आडवी लहर सोडली असता उघडी जमीन ती बहुतांशी आडवीच परत पाठवते. संथ पाणी जवळजवळ काहीच परत पाठवत नाही. फांद्यापानांच्या गुंत्यात मात्र लहर अनेकदा आपटते आणि तिचा काही अंश उभा होऊन परततो. दोन्ही परती वेगळ्या मोजून त्यांना निरनिराळे रंग दिले, की साध्या छायाचित्रात एकसारखी दिसणारी हिरवळ वेगवेगळी दिसू लागते. शतकांपूर्वी गाळाने भरलेले तळे भोवतालच्या जमिनीपेक्षा ओलसर राहते, जुना बांध कोरडा राहून त्यावर झुडपे माजतात. हा फरक चित्रात उमटतो.

'रडारने जंगलाच्या आरपार पाहिले' असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. या प्रदेशाचा बराच भाग भातशेतीचा आहे, आणि रडारने वाचली ती मुख्यतः ओल, झाडोरा आणि जमिनीचा खडबडीतपणा. त्या खुणांचा अर्थ लावायला डेमियन इव्हान्स आणि सहकाऱ्यांना हवाई छायाचित्रे पडताळावी लागली, शेतांतून पायपीट करावी लागली.

२००७ साली त्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे १,००० चौरस किलोमीटरवर विरळ पसरलेली वस्ती, कालवे, बांध, घरांचे उंचवटे, हजाराहून अधिक तळी, आणि विस्मृतीत गेलेली किमान ७४ मंदिरे. यांतली बरीचशी मंदिरे लहान आहेत: एक देऊळ, शेजारी तळे, आसपास घरांचे उंचवटे. (२०१२ची लायडार पाहणी हा स्वतंत्र थ्रेडचा विषय.)

त्या जुन्या बांधांमधल्या जमिनीवर आजही भात पिकतो.