बीडच्या रस्त्यावरचा ट्रक

26 एप्रिल 1993 ची दुपार. मी तेव्हा औरंगाबादेत महाविद्यालयात शिकत होतो आणि वडील एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते. मुंबईला निघालेले विमान कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकून पडल्याची बातमी शहरभर पसरली, तेव्हा वडिलांनी भरले ताट तसेच सारले आणि सायकल काढून कारखाना गाठला. ट्रक त्यांच्याकडचा नव्हता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मात्र निकाल लागलेला होता : चूक ट्रकवाल्याची. वडील एवढेच म्हणाले, "रेल्वेला फाटक असतं. विमानाला का नको?"

या प्रश्नाचे मोल कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचा माग आहे.

इंडियन एअरलाइन्सचे ते बोईंग 737 चिकलठाणा विमानतळावरून उडाले, ते धावपट्टी जवळजवळ संपल्यावर. टोकापलीकडे बीडचा रस्ता आडवा जातो. त्यावरून चाललेल्या ट्रकला विमानाचा डावा भाग धडकला. पुढे काही किलोमीटरवर ते उच्चदाबाच्या विजेच्या तारांना अडकून कोसळले. विमानातील 118 पैकी 55 जण दगावले. चौकशीत दोन कारणे नोंदवली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश, हे दुसरे. पहिले कारण लोकांच्या लक्षात राहिले, दुसरे विसरले गेले. ट्रकवाला तर सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या वाटेने चालला होता.

येथे नियंत्रकाचा प्रश्न उभा राहतो. फाटक बसवणे हे विमानतळ चालवणाऱ्याचे काम. पण ते बसवले आहे का आणि वेळेवर पडते का, हे बाहेरून येऊन तपासणारा कोणीतरी लागतो. आपल्याकडे हा तपासणारा आणि चालवणारा दीर्घकाळ एकाच घरात नांदले.

भारतात नागरी उड्डाणाचे सरकारी खाते 1927 मध्ये सुरू झाले. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणले, त्यानंतर दोनच वर्षांनी 1934 चा विमान कायदा आला आणि 1937 मध्ये त्याखालचे नियम. पुढची अनेक दशके नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, वैमानिकांना परवाने देई, विमानांची योग्यता तपासी, विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रणही सांभाळी आणि अपघात झाला की चौकशीतही भाग घेई. 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर प्रमुख विमान कंपन्याही सरकारच्याच झाल्या. परीक्षा घेणारा, देणारा आणि पेपर तपासणारा असे तिघेही एका चुलीवर जेवणारे होते.

ही वाटणी हळूहळू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथील विमानतळ 1972 मध्ये वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले. उरलेल्यांसाठी 1986 मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आले. 1995 मध्ये दोन्ही एकत्र होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण बनले. सुरक्षेची कथाही अशीच. येथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. यंत्र बिघडू नये, माणूस चुकू नये, याची काळजी म्हणजे सुरक्षितता. कोणी घात करू नये याचा बंदोबस्त म्हणजे सुरक्षा. 1976 च्या विमान अपहरणानंतर सुरक्षेसाठी डीजीसीएमध्येच 1978 मध्ये एक कक्ष निघाला. 23 जून 1985 रोजी 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन 329 जण मारले गेले, तेव्हा कुठे 1987 मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो स्वतंत्र झाला. कंदहार प्रकरणानंतर, 2000 पासून, विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले.

प्रत्येक सुधारणेच्या मागे एक दुर्घटना उभी दिसते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान आकाशात एकमेकांवर आदळून 349 जण गेले. कझाक विमान नेमून दिलेली उंची सोडून खाली आले, हे खरे. पण दिल्लीत येणारी आणि दिल्लीतून जाणारी विमाने एकाच हवाई मार्गाने ये-जा करीत होती आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची उंची दिसतच नव्हती. मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती त्यानंतर.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 नुसार अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. त्यासाठी चौकशी करणारा नियंत्रकापासूनही मोकळा हवा, कारण त्याला नियंत्रकाचीही चूक दाखवावी लागते. मंगळूरमध्ये 22 मे 2010 रोजी 158 जणांचा बळी गेला. त्या चौकशीचे प्रमुख होते माजी उपवायुसेनाप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. अपघात अन्वेषणासाठी वेगळा ब्यूरो आला तो 2012 मध्ये.

नियंत्रक दुबळा असला की काय होते, हे जानेवारी 2014 मध्ये कळले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची श्रेणी खाली आणली. आपल्या विमान कंपन्यांना अमेरिकेकडे नव्या फेऱ्या सुरू करता येईनात. तपासनीसांची कमतरता हे एक मोठे कारण होते. भरती झाली, प्रशिक्षण झाले आणि एप्रिल 2015 मध्ये श्रेणी परत मिळाली. डीजीसीए, सुरक्षा ब्यूरो आणि अन्वेषण ब्यूरो या तिघांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते 2020 च्या दुरुस्तीने; त्याच वेळी कमाल दंड 10 लाखांवरून 1 कोटी रुपये झाला. 1934 च्या कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. तरीही या तिन्ही संस्था आजही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत.

आता वडिलांच्या फाटकाकडे वळतो. रेल्वेची तपासणी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसावेत, हे 1941 मध्येच ठरले. म्हणून आजचा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयात नाही, तो आहे नागरी विमान वाहतूक मंत्रालयात! रेल्वेवर नजर ठेवणारा दुसऱ्या घरात बसवण्याचे शहाणपण आपल्याला होते. विमानांवर आणि त्यांच्या नियंत्रकावर नजर ठेवणारा मात्र आपण घरातच ठेवला. मंत्रालयाला विमाने वाढवायची असतात, नवे विमानतळ उघडायचे असतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या हाताला फीत कापायची असते, त्याच हाताने फाटक पाडावे, ही अपेक्षा जड जाते. निदान अन्वेषण ब्यूरो तरी या मंत्रालयाबाहेर न्यावा, असे मला वाटते.

वडील आता नाहीत. बीडकडे जाताना धावपट्टीचे टोक आले की मी अजूनही गाडी जरा हळू करतो आणि आधी आकाशाकडे पाहतो.