दोष धुण्याचा की धाग्याचा?

धुण्याच्या पाण्यातून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या तंतूंचे खापर हल्ली वॉशिंग मशिनवर फुटते. पण महालक्ष्मीच्या धोबीघाटावर १८९० पासून कपडे दगडावर आपटले जात आहेत, आणि यंत्राचे धुणे त्याहून निर्दय नक्कीच नाही. तंतू तेव्हाही सुटत. ते सुताचे होते, कुजून जात. बदलला तो धागा. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, तोही गंमत म्हणजे सुती कापड छापणाऱ्यांच्या संस्थेत. आपल्याकडे तो टेरिलिन, टेरीकॉट होऊन आला आणि बरीच वर्षे चैनीचा राहिला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. खरा कौल १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने दिला: कोणता धागा वापरायचा याची गिरण्यांना मोकळीक मिळाली आणि कृत्रिम कापडाचा रस्ता रुंद झाला.

यावर कुणी म्हणेल, पॉलिएस्टरने गरिबाला टिकाऊ, इस्त्रीवाचून चालणारा, पावसाळ्यातही लवकर वाळणारा कपडा दिला. ते खरेच आहे, म्हणून बंदीची भाषा मला पटत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड. २०२० च्या एका मोठ्या पाहणीत समुद्राच्या पाण्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक तंतू कापूस-लोकरीसारखे निघाले. म्हणजे रंगवलेले, प्रक्रिया केलेले सूतही आपण समजतो तितक्या लवकर विरत नाही. तरी ते कधीतरी विरते. प्लॅस्टिक साठतच जाते. शिवाय २०१६ च्या प्लिमथ विद्यापीठाच्या प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू सुटतील असा अंदाज निघाला. पॉलिएस्टर-सुती मिश्रणाचा आकडा त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होता. एकूण काय, किती तंतू गळणार हे बरेचसे गिरणीतच ठरते.

घरात मशिन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेळ चालवावे हे बरोबरच. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या मशिनला गाळणी लावण्यासाठी जानेवारी २०२५ ची मुदत घातली, पण अंमलबजावणी रखडली. मला कारखान्याचा उपाय अधिक पटतो. तंतू सर्वाधिक सुटतात ते पहिल्या काही धुण्यांत. ती धुणी विक्रीआधीच उरकली तर लाखो मोऱ्यांऐवजी एकाच नाल्याला गाळणी लावून भागेल. कपड्यामागे थोडा खर्च वाढेल, तो उत्पादकाने सोसावा.