गिअरशेजारचे दोन दांडे

पावसाळ्यात कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालेल्या गाडीला एका दिवसात सगळं भेटतं: कोरडं डांबर, ओलं डांबर आणि मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळलं की लाल चिखल. चारही चाकांना ताकद कधी द्यायची, हा इथला जुना प्रश्न आहे.

१९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे सरकारी खात्यांपासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत जीप म्हणजे रुबाब झाला. त्या जीपमध्ये गिअरशेजारी दोन छोटे दांडे असत. एकाने पुढचा एक्सल जोडायचा, दुसऱ्याने 'लो' गिअर टाकायचा. पण पुढचा एक्सल जोडला की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात. चिखलात ती जराशी घसरतात आणि फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, सगळा ताण गिअरांवर येतो. करूळ घाटासारख्या वळणांवर दांडा काढायला विसरणारा ड्रायव्हर गॅरेजवाल्याचं भलं करी.

मग वडापचे, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या गाड्यांचे दिवस आले. कमांडर, ट्रॅक्स बहुतेक मागच्या चाकांवरच धावत. पुढच्या एक्सलचं जादा वजन, जादा डिझेल कोण सोसणार? वडापवाल्याचा हिशेब सीटवर.

दांड्याचं काम पुढे यंत्राकडे गेलं, ते आधी परदेशात. अमेरिकेत १९९५ च्या फोर्ड एक्सप्लोररमध्ये गरजेनुसार चारही चाकं जोडणारं 'ऑटो' आलं. महाराष्ट्रात चाकणची एक्सयूव्ही ५०० (२०११) आणि रांजणगावची जीप कंपास (२०१७) त्याच वाटेच्या. चारही चाकांच्या कंपासची एरवी पुढचीच चाकं ओढतात. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजत राहतात. एखादं चाक जास्त फिरू लागलं, की संगणक क्लचच्या चकत्या आवळतो आणि मागच्या चाकांनाही ताकद मिळते. पकड आली की सैल सोडतो. 'मड' किंवा 'सँड' निवडलं, तर अॅक्सिलरेटर आणि ब्रेकचं वागणंही बदलतं.

घाटातल्या ओल्या-कोरड्या रस्त्यावर 'ऑटो' माणसापेक्षा सरस, यात वाद नाही. खोल चिखलात मात्र चकत्या फार वेळ घसरल्या तर तापतात, आणि स्वतःला वाचवायला यंत्रणा ताकद कमी करते. तिथे जुनी जखडलेली जोडणीच खरी.

नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या थारमध्ये म्हणूनच दांडा टिकून आहे. चिखल संपल्यावर तो पूर्ववत करायचं आठवण्याची जबाबदारी अजून ड्रायव्हरचीच.